अर्थशास्त्रात बी.ए. करताय? मग उरलेल्या अर्ध्या पदवीचं काय ठरलंय?

अर्थशास्त्रात बी.ए. करायचं म्हणजे तीन वर्षं नुसतं अर्थशास्त्र शिकायचं, असं बारावी झालेल्या बहुतेक मुलांना वाटतं. पालकांना वाटतं, आर्ट्स ते आर्ट्सच, विषय कुठला घेतला यानं काय फरक पडतो. या दोन्ही समजुतींमुळं जो निर्णय घरी बसून घ्यायला हवा तो ॲडमिशनच्या खिडकीसमोर उभ्या उभ्या घेतला जातो. शेजारच्या मित्रानं जे विषय लिहिले तेच आपण लिहायचे आणि मोकळं व्हायचं.

नव्या शैक्षणिक धोरणाच्या चौकटीत तीन वर्षांची पदवी किमान १२० क्रेडिटची असते. विद्यापीठ अनुदान आयोगाचा नियम असा की त्यातली किमान निम्मी, म्हणजे ६० क्रेडिट, एका विषयात मिळवली की तो तुमचा मेजर. म्हणजे पदवीवर ‘अर्थशास्त्र’ असं छापून आलं तरी जवळजवळ अर्धी पदवी दुसऱ्याच विषयांची असते. त्या अर्ध्या भागात काय भरायचं याचं बऱ्यापैकी स्वातंत्र्य तुम्हाला असतं, आणि तो भाग कसा भरला यावर पुढची दारं उघडतात किंवा बंद होतात. इतिहास किंवा मराठीच्या विद्यार्थ्यापेक्षा अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याच्या बाबतीत हे जास्त खरं आहे. का, ते पुढं येईलच.

क्रेडिटचा हिशेब

कोल्हापूर, सांगली, सातारा हे तीन जिल्हे शिवाजी विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतात. १९६२ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांत नवी रचना २०२४-२५ पासून लागू झाली, स्वायत्त महाविद्यालयांत त्याच्या आधीच. विवेकानंद महाविद्यालयासारखं स्वायत्त कॉलेज पेपरांची नावं आणि अभ्यासक्रम स्वतः ठरवतं, संलग्न कॉलेजात ते विद्यापीठाकडून येतं. क्रेडिटची चौकट मात्र दोन्हीकडं सारखी.

थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे सत्रभरात १५ तासांचं वर्गातलं शिकणं. प्रात्यक्षिकाला किंवा क्षेत्रीय कामाला एका क्रेडिटमागं ३० तास धरतात. चार क्रेडिटचा पेपर म्हणजे ६० तासांचा वर्ग. सत्राला २० ते २२ क्रेडिट, वर्षाला ४० ते ४४.

क्रेडिट आणि ग्रेड यांत मुलांचा नेहमी गोंधळ होतो. गावच्या दूध संस्थेचं कार्ड डोळ्यांसमोर आणा. त्यावर लिटर वेगळे लिहितात आणि फॅट वेगळी. लिटर म्हणजे किती घातलं, फॅट म्हणजे कसं घातलं, आणि बिल निघतं ते दोन्ही मिळून. क्रेडिट म्हणजे लिटर, ग्रेड म्हणजे फॅट. समजा, एका सत्रात चार क्रेडिटच्या पेपरात तुम्हाला ८ ग्रेड पॉइंट मिळाले, चार क्रेडिटच्या दुसऱ्या पेपरात ६ आणि दोन क्रेडिटच्या तिसऱ्या पेपरात १०. नुसती सरासरी काढली तर ८ येते. पण ४×८, ४×६ आणि २×१० यांची बेरीज ७६ होते, तिला एकूण १० क्रेडिटनं भागलं की ७.६. सत्राचा खरा आकडा हा. दोन क्रेडिटच्या पेपरात पैकीच्या पैकी मिळवून चार क्रेडिटच्या सूक्ष्म अर्थशास्त्राकडं दुर्लक्ष करणाऱ्याला शेवटच्या सत्रात हे कळतं. असो, भारित सरासरी नावाचं प्रकरण अर्थशास्त्रात महागाईच्या निर्देशांकापासून सगळीकडं भेटतं, तेव्हा त्याची ओळख आपल्याच गुणपत्रिकेवर झालेली बरी.

मेजर आणि मायनर (म्हणजे जोडीचा दुय्यम विषय) सोडून बाकीच्या आद्याक्षरांची जत्रा थोडक्यात सांगतो. ओई म्हणजे खुला पर्यायी विषय. व्हीएससी आणि एसईसी हे कौशल्याचे पेपर, त्यातला पहिला मेजरला जोडलेला. एईसी म्हणजे भाषा. व्हीईसीमध्ये संविधान, पर्यावरण वगैरे येतं. आयकेएस म्हणजे भारतीय ज्ञानप्रणाली. सीसी म्हणजे एनएसएस, एनसीसी, खेळ, कला. ओजेटी म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी प्रशिक्षण. यातल्या भाषा, मूल्यशिक्षण आणि ज्ञानप्रणालीच्या पेपरांत निवडीला फारसा वाव नसतो, ते नीट वाचून पास व्हायचे. डोकं चालवायचं ते मायनर, ओई आणि ओजेटी या तीन ठिकाणी.

उसाच्या बिलात किती पेपर असतात

निवड करण्याआधी अर्थशास्त्र नेमकं काय शिकवतं ते पाहू. पुस्तकातली व्याख्या बाजूला ठेवा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुठल्याही पोराला ऊस बिलाचं गणित येतं, तिथूनच सुरू करू.

२०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारनं १०.२५ टक्के उताऱ्याला (उतारा म्हणजे उसाच्या वजनातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण) क्विंटलमागं ३५५ रुपये एफआरपी, म्हणजे रास्त आणि किफायतशीर दर, जाहीर केली. उतारा वाढला तर प्रत्येक ०.१ टक्क्याला ३.४६ रुपये जादा. कमी झाला तर त्याच हिशेबानं कपात, पण उतारा ९.५ टक्क्यांच्या खाली गेला तरी ३२९.०५ रुपयांच्या खाली दर जात नाही. आता एखाद्या कारखान्याचा उतारा १२.२५ टक्के धरू. मूळ उताऱ्यापेक्षा दोन टक्के जास्त, म्हणजे ०.१ चे वीस टप्पे. २० गुणिले ३.४६ म्हणजे ६९.२०. त्यात ३५५ मिळवले की क्विंटलला ४२४.२० रुपये, टनाला ४,२४२. त्यातून तोडणी-वाहतूक वजा होऊन शेतकऱ्याच्या खात्यावर येतात.

हे गणित जमतं त्याला गणितातलं फलन जमतं, फक्त त्याला कुणी तसं सांगितलेलं नसतं. आडव्या अक्षावर उतारा घ्या, उभ्या अक्षावर दर. ९.५ पर्यंत रेष सपाट जाते, तिथं मोडते आणि पुढं चढायला लागते. चढ किती? एका टक्क्याला ३४.६० रुपये. कलनशास्त्रात (कॅल्क्युलसमध्ये) या चढालाच विकलज म्हणतात. अर्थशास्त्रात ‘सीमांत’ हा शब्द जिथं जिथं येतो, म्हणजे सीमांत खर्च, सीमांत उत्पन्न, सीमांत उपयोगिता, तिथं तिथं हाच चढ विचारलेला असतो: आणखी एक घातलं तर किती वाढेल?

आता याच बिलाकडं एकेका पेपराच्या नजरेनं बघा.

सूक्ष्म अर्थशास्त्र विचारतं की दर कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर मिळतो, तुमच्या फडाच्या उताऱ्यावर नाही, तर मग चांगल्या जातीचा, योग्य वेळी तोडलेला, ताजा ऊस घालायची तुम्हाला वैयक्तिक ओढ किती राहते? तुम्ही मेहनत घेतली तरी सरासरी केसभर हलते आणि फायदा हजारो सभासदांत वाटला जातो. प्रत्येकानं असाच विचार केला तर सगळ्यांचाच उतारा पडतो. पाठ्यपुस्तकात याला फ्री रायडरचा प्रश्न म्हणतात आणि उदाहरण देतात दीपस्तंभाचं, ज्याचा उजेड पैसे न देणाऱ्या जहाजालाही मिळतो. कोल्हापूरच्या मुलाला दीपस्तंभाची गरज नाही.

तोच पेपर पुढं विचारतो की ऊस सोडून भुईमूग किंवा सोयाबीन का नाही? एकाला दराची हमी आणि खरेदीदार ठरलेला, दुसऱ्याला बाजार कसा असेल तसा. जोखीम घेऊन थोडं जास्त कमवायचं की निश्चिंत राहून थोडं कमी, ही निवड आहे. पारंपरिक गुऱ्हाळाला एफआरपीचं बंधन नाही, तरी काहीजण गुऱ्हाळाला ऊस घालतातच. का? रोख पैसे लवकर मिळतात म्हणून, की तोडणीची पाळी आलेली नसते म्हणून? उत्तर घरी बसून सांगता येत नाही, विचारत फिरावं लागतं.

पैसा आणि वित्त या पेपरात काळाचं मोल येतं. ऊस नियंत्रण आदेश १९६६ चा. त्यानुसार ऊस घातल्यापासून १४ दिवसांत बिल द्यायचं, उशीर झाला तर वार्षिक १५ टक्के व्याज. टनाला ४,२४२ रुपये देणं असताना ते साठ दिवस रखडलं तर त्यावर सुमारे १०५ रुपये व्याज होतं. ‘एफआरपी एकरकमी की हप्त्यांत’ या मुद्द्यावर आपल्याकडं रस्ते अडले ते उगीच नाही. आज मिळालेले शंभर आणि सहा महिन्यांनी मिळालेले शंभर सारखे नसतात, हे आंदोलनातल्या प्रत्येकाला कळत होतं.

सार्वजनिक अर्थशास्त्र विचारतं की दर ठरवतो कोण. कृषी खर्च व मूल्य आयोग शिफारस करतो, केंद्रीय मंत्रिमंडळ मान्यता देतं आणि बिल भागवायचं कारखान्यानं. ठरवणारा एक, देणारा दुसरा. अशा रचनेत थकबाकी का साठते यावर एक अख्खं सत्र जाऊ शकतं.

आंतरराष्ट्रीय व्यापाराला ऊस पुरत नाही, तिथं चप्पल घ्या. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्र आणि कर्नाटकातले चार-चार जिल्हे मिळून. २०२५ साली मिलानच्या फॅशन शोमध्ये तशीच चप्पल झळकली आणि गदारोळ झाला. मानांकनामुळं चपलेच्या नावाला संरक्षण मिळतं, डिझाइनला कितपत, आणि नावाची किंमत वाढली तर ती कारागिराच्या हातात किती पडते, हे त्या पेपराचे प्रश्न.

समष्टी अर्थशास्त्र, म्हणजे राष्ट्रीय उत्पन्न, महागाई, व्याजदर, रिझर्व्ह बँक. हे रोजच्या वर्तमानपत्रात येतं, म्हणून मुलांना ते सोपं वाटतं. सोपं नाही, पण गोडी लवकर लागते.

गणिताची भीती

इथं अर्थशास्त्र बाकीच्या कलाशाखेपासून वेगळं पडतं. बी.ए.पर्यंत ते बऱ्यापैकी शब्दांत आणि आकृत्यांत शिकता येतं. गणित न घेता बारावी आर्ट्स झालेली मुलं उत्तम गुणांनी पास होतात. अडचण येते ती त्यानंतर. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, मुंबईची इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था, पुण्याची गोखले संस्था किंवा आयआयटी, यांपैकी कुठंही एम.ए. किंवा एम.एस्सी.ला जायचं तर कलनशास्त्र, मॅट्रिक्स आणि संभाव्यता यांना टाळून चालत नाही. आयआयटीच्या जॅम परीक्षेत २०२१ पासून अर्थशास्त्राचा स्वतंत्र पेपर आहे, त्याच्या अभ्यासक्रमात गणित आणि संख्याशास्त्र सरळ सरळ लिहिलेलं आहे.

आणि प्रश्न फक्त प्रवेश परीक्षेचा नाही. एखाद्यानं सांगितलं की ज्या गावांत दूध संस्था मोठी, त्या गावांत मुली जास्त शिकतात. मग संस्थेमुळं मुली शिकल्या का? दुधाचा पैसा बाईच्या हातात आला आणि तिनं पोरीची फी भरली, असं असू शकतं. किंवा त्या गावांत पाणी आहे, पाण्यामुळं वैरण, वैरणीमुळं दूध, आणि पाण्यामुळंच शेतीचा पैसा आणि हायस्कूल. दूध आणि शिक्षण दोन्ही पाण्याची लेकरं, त्यांचा एकमेकांशी संबंध नाही, असंही असेल. हे दोन्ही वेगळं काढायचं शास्त्र म्हणजे अर्थमिती. त्याच्या आधी संख्याशास्त्र आणि त्याच्याही आधी थोडं गणित लागतं. आपल्या विद्यापीठांत ‘हा पेपर केल्याशिवाय तो मिळणार नाही’ असे नियम फारसे कडक नसतात, पण पायरी गाळली की वरची पायरी आपोआप गळते.

बारावीला गणित नव्हतं त्यानं घाबरायचं कारण नाही. अकरावी-बारावी कॉमर्सची गणिताची पुस्तकं बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. फलन, विकलन, निश्चयक, संभाव्यता एवढे भाग पहिल्या वर्षाच्या सुट्टीत हातावेगळे होतात. रोज थोडी उदाहरणं सोडवली तरच होतात, व्हिडिओ बघून होत नाहीत, हे मात्र स्पष्ट सांगतो.

मायनर पहिल्याच दिवशी ठरतो

बी.ए.च्या पहिल्या वर्षी साधारणपणे तीन विषय घ्यायचे असतात आणि दुसऱ्या वर्षी त्यांतला एक मेजर, एक मायनर होतो. याचा अर्थ असा की मायनरची निवड दुसऱ्या वर्षी होते असं वाटलं तरी खरी निवड पहिल्या जूनमध्येच झालेली असते. जो विषय तिघांत नव्हता तो नंतर मायनर म्हणून आणणं अवघड. शिवाय प्रत्येक कॉलेजात विषयांचे गट ठरलेले असतात. एका ठिकाणी अर्थशास्त्राबरोबर भूगोल मिळतो, दुसऱ्या ठिकाणी त्या दोघांची वेळापत्रकात टक्कर होते. म्हणून कॉलेजची इमारत, कॅन्टीन आणि घरापासूनचं अंतर बघण्याआधी विषयगटांचा कागद मागून घ्या.

मायनरची क्रेडिट महाराष्ट्रात साधारण १८ ते २० असतात. अनुदान आयोगाच्या मूळ आराखड्यात २४ होती. तीन-चार पेपर शिकून सोडून देण्याइतकं हे थोडं नाही.

माझं मत विचाराल तर संख्याशास्त्र किंवा गणित मिळत असेल तर डोळे झाकून घ्यावं. पण कला शाखेच्या गटात ते क्वचितच असतं, त्यामुळं पुढचं बघू.

स्पर्धा परीक्षा डोक्यात असलेली मुलं राज्यशास्त्र घेतात आणि ते चुकीचं नाही. अर्थसंकल्प, वित्त आयोग, पंचायत राज या सगळ्याची एक बाजू अर्थशास्त्रात आणि दुसरी राज्यशास्त्रात असते. फक्त ‘एमपीएससीला उपयोगी’ एवढ्याच कारणानं घेऊ नका, कारण ती परीक्षा कुठल्याही पदवीवर देता येते.

भूगोलाला आपल्याकडं कमी लेखतात. शेती, पाणी, पूर, शहराची वाढ या प्रश्नांवर काम करायचं असेल तर नकाशा वाचता आणि बनवता येणारा अर्थशास्त्राचा विद्यार्थी दुर्मीळ आहे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पंचगंगेकाठी कुणाचं किती नुकसान झालं हे आकड्यांनी सांगायचं तर पुराची रेषा कुठून गेली हे आधी कळावं लागतं. जीआयएसचा, म्हणजे संगणकावर नकाशे बनवण्याच्या तंत्राचा, एखादा कौशल्य पेपर जोडीला मिळाला तर सोन्याहून पिवळं.

मानसशास्त्राची जोडी परदेशात केव्हाच मान्य झाली. डॅनियल कानेमन हे मानसशास्त्रज्ञ, त्यांना २००२ सालचं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. माणसं हिशेबानं वागत नाहीत तेव्हा नेमकी कशी वागतात, यावर आता स्वतंत्र शाखा उभी आहे. समाजशास्त्र घेतलेल्याला सर्वेक्षण करता येतं, प्रश्नावली बनवता येते, जातीचा आणि कर्जाचा संबंध दिसतो. इतिहासाचंही तसंच, २०२३ सालचं नोबेल मिळवणाऱ्या क्लॉडिया गोल्डिन आर्थिक इतिहासकार आहेत, त्यांनी अमेरिकेतल्या बायकांच्या नोकरीचा आणि पगाराचा दोनशे वर्षांचा माग काढला.

जोडीच्या विषयांचं मोल ओळखणारा आपल्या घरचा माणूस याहून जुना आहे. १९१५ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठातून एम.ए. झाले तेव्हा त्यांचा मुख्य विषय अर्थशास्त्र होता, आणि जोडीला समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र. १९१८ साली त्यांनी भारतातल्या लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला. जमीन लहान आहे हा मूळ प्रश्नच नाही, तिच्यावर लावायला भांडवल नाही आणि तिच्यावर अवलंबून असलेली माणसं जास्त, म्हणून उद्योग वाढवून माणसं शेतीबाहेर काढा, असा त्यांचा युक्तिवाद होता. करवीर-कागलच्या गुंठ्यांच्या वाटण्या बघितलेल्या वाचकाला तो आजही ओळखीचा वाटेल. त्यानंतर दोनच वर्षांनी, मार्च १९२० मध्ये, ते शाहू महाराजांबरोबर माणगावच्या परिषदेला होते. जात आणि पैसा ही दोन वेगळी खाती आहेत असं न मानणारा अर्थशास्त्रज्ञ त्या विषयांच्या जोडीतून घडला, असं मला वाटतं.

ओई: मागच्या दारानं मिळणारी गोष्ट

महाराष्ट्राच्या नियमात ओईचा विषय मेजरच्या विद्याशाखेबाहेरचा घ्यावा लागतो. बहुतेकांना ही कटकट वाटते. अर्थशास्त्रवाल्याला ती लॉटरी आहे. मायनरच्या गटात जे बसत नाही, म्हणजे लेखाकर्म, व्यावसायिक गणित, संख्याशास्त्राची तोंडओळख, संगणक, ते वाणिज्य आणि विज्ञान शाखेच्या ओई यादीत असू शकतं. ताळेबंद वाचता न येणारा अर्थशास्त्राचा पदवीधर बँकेच्या मुलाखतीत पहिल्या दहा मिनिटांत उघडा पडतो. तेव्हा ज्या ओईला हजेरी लागते आणि परीक्षा सोपी असते तो घेण्यापेक्षा ही यादी नीट चाळा.

कॉलेजात काहीच मिळत नसेल तर स्वयं आहे. केंद्राच्या या पोर्टलवर अर्थशास्त्र, गणित, संख्याशास्त्राचे कोर्स आहेत आणि २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातली ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट तिथून घेता येतात. अट एकच: कोर्स सुरू करण्याआधी कॉलेजची लेखी मान्यता. कोर्स करून मग प्रमाणपत्र घेऊन गेलात तर ते फक्त भिंतीला लावायला.

ओजेटीबद्दल थोडं कडक बोलतो. चार क्रेडिट म्हणजे १२० तास. ओळखीच्या दुकानदाराचा शिक्का मारून हे तास भरता येतात आणि भरले जातात. पण शाहू मार्केट यार्डात गुळाचा सौदा कसा निघतो, पतसंस्था कर्जाची कागदपत्रं कशी तपासते, शिरोलीच्या फाउंड्रीत विजेचा दर वाढल्यावर कास्टिंगचा भाव कसा काढतात, हे बघायला पदवीनंतर कुणी आत घेत नाही. विद्यार्थी म्हणून गेलात तर चहाही मिळतो. एक वही ठेवा आणि रोजचे भाव लिहा. त्याच वहीतून पुढं प्रकल्प निघतो.

मधेच सोडलं तर, आणि चौथं वर्ष

एक वर्ष पूर्ण करून बाहेर पडणाऱ्याला प्रमाणपत्र आणि दोन वर्षांनी पडणाऱ्याला पदविका मिळते, दोन्ही ठिकाणी चार क्रेडिटचा कौशल्याचा जादा कोर्स करावा लागतो. घरात अडचण आली तर परत यायचा रस्ता उघडा राहतो, एवढाच त्याचा उपयोग माना. एका वर्षाच्या अर्थशास्त्रावर नोकरी मिळेल, या आशेनं बाहेर पडू नका.

चौथ्या वर्षाचा प्रश्न जास्त अवघड. तीन वर्षांची पदवी घेऊन दोन वर्षांचं एम.ए. करा किंवा चार वर्षांची ऑनर्स करून एक वर्षाचं, वर्षं पाचच. संशोधनासह ऑनर्स हवी असेल तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात, चौथ्या वर्षी १२ क्रेडिटचा संशोधन प्रकल्प असतो आणि तशी मान्यता असलेला विभाग लागतो. चार वर्षांच्या पदवीवर ७५ टक्क्यांनी पुढं थेट पीएच.डी.च्या प्रवेशालाही पात्र होता येतं. ज्याला बाहेरच्या नामांकित संस्थेत जायचं आहे त्यानं तीन वर्षांनी बाहेर पडून दोन वर्षांचं एम.ए. तिथं करावं, असं मला वाटतं. एका वर्षात नवं शहर, नवी भाषा आणि अर्थमिती तिन्ही पचत नाहीत. ज्याला कोल्हापुरातच राहून इथल्या प्रश्नावर काम करायचं आहे त्याला चौथं वर्ष फायद्याचं.

आता मामांचा प्रश्न: “पोरगं कुठं लागंल?” पदवीवर सरळ मिळणारं म्हणजे बँकांच्या परीक्षा, सहकारी संस्था, विमा, राज्य आणि केंद्राच्या सेवा. रिझर्व्ह बँकेच्या ग्रेड बी साधारण संवर्गालाही पदवीवर बसता येतं. पण अर्थतज्ज्ञ म्हणून घेतात त्या जागांना पदव्युत्तर पदवी लागतेच: रिझर्व्ह बँकेचा आर्थिक संशोधन विभाग, संघ लोकसेवा आयोगामार्फत भरली जाणारी भारतीय आर्थिक सेवा, आणि नेट ही पात्रता परीक्षा देऊन प्राध्यापकी. भारतीय आर्थिक सेवेला वय २१ ते ३० ही मूळ मर्यादा आहे आणि तिथं पेपर खरोखरच अर्थशास्त्राचे असतात, म्हणून सामान्य स्पर्धा परीक्षांच्या गर्दीपेक्षा ती वाट मोकळी आहे. आपल्याकडच्या फार थोड्या मुलांना तिचं नाव माहीत असतं. खासगी क्षेत्रात पदवीपेक्षा आकडेवारी हाताळता येते का ते बघतात. एक्सेल नीट, आणि आर किंवा पायथन या संगणकाच्या भाषांपैकी एक, एवढं आलं तर पुण्याचा रस्ता धरता येतो.

पेपर मराठीत लिहिला तरी चालतो, ज्ञान कमी होत नाही. वाचन मात्र दोन्ही भाषांत हवं, कारण एम.ए.ची चांगली पुस्तकं इंग्रजीत आहेत. मराठीतला उत्तम मजकूर बहुतेकांना ठाऊकच नसतो: राज्य सरकारचं अर्थ व सांख्यिकी संचालनालय दरवर्षी ‘महाराष्ट्राची आर्थिक पाहणी’ मराठीत काढतं आणि प्रत्येक जिल्ह्याचं सामाजिक व आर्थिक समालोचनही. कोल्हापूरचं उघडा. तालुकावार सिंचन, पिकं, बँका, शाळा, सगळं तक्त्यांत आहे. दुधाचा आणि मुलींच्या शिक्षणाचा तो प्रश्न तपासायला त्यातले तालुकावार तक्ते सुरुवातीला पुरतात.

शेवटचं काम कागदपत्रांचं. मिळवलेली क्रेडिट ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये जमा होतात, कॉलेज बदललं तरी ती तिथूनच पुढं जातात, आणि त्यासाठी अपार आयडी, म्हणजे विद्यार्थ्याचा कायमचा ओळख क्रमांक, लागतो. आधारवरचं नाव आणि बारावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव अक्षरन् अक्षर जुळतं का ते आधी बघा. आडनाव आधी की नंतर, वडिलांचं नाव पूर्ण की आद्याक्षर, स्पेलिंगमध्ये एक ‘ए’ जास्त, यावरून क्रेडिट अडकतात. दुरुस्तीला आधार केंद्रावर जूनमध्ये रांग असते, निकालाची वाट बघत घरी बसलेले असता तेव्हाच ते उरका.